कित्तूरवरच्या निबंधासाठी नंदगडच्या सरांना थँक्यू

सर, सा. न. वि. वि. फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून सगळ्यांना दिसेल असं इथं लिहायलेय. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला आवडणार नाही ते, पण खानापूर तालुक्यात तुमच्याकडं इतिहास शिकलेले लोक बरोबर ओळखतील.

माझ्या ट्यूशनला येणारी नववी-दहावीची मराठी मीडियमची पोरं, त्यांना विषय होता 'कित्तूरचा 1824 चा लढा हा स्वातंत्र्यलढा म्हणता येईल का?' (कित्तूर संस्थानचा दत्तक वारस ईस्ट इंडिया कंपनीनं मानला नाही म्हणून राणी चन्नम्मा कंपनीशी लढल्या, तो लढा.) आणि पोरांनी काय लिहिलेलं तर राणी चन्नम्मांचा जन्म, लग्न, लढाई, मृत्यू, शेवटी जय हिंद. माहिती सगळी बरोबर होती ओ, पण प्रश्नाचं उत्तरच कुठं नव्हतं. तुम्ही वह्या बघितल्यात आणि एकालाही रागावला नाहीत, फक्त विचारलंत की "तुझं म्हणणं काय ते एका ओळीत सांग, आणि अशी ओळ सांग की शेजारचा म्हणेल नाही, मला पटत नाही." चन्नम्मा शूर होत्या यावर कोण भांडणार? पण 'हा फक्त गादीचा वाद नव्हता, कारण राणी कैदेत गेल्यावरही लढा थांबला नाही' असं म्हटलं की भांडता येतं, आणि भांडता येतं म्हणूनच पुरावा द्यावा लागतो. त्या एका ओळीवर तुम्ही पोरांना अख्खी दुपार बसवलंत आणि मला वाटतं निबंधाचं निम्मं काम तिथंच झालं.

मग प्रत्येक पॅराला तुमचा एकच प्रश्न, "हा पॅरा त्या ओळीसाठी काय काम करतोय?" 23 ऑक्टोबर 1824 ला धारवाडचा कलेक्टर थॅकरे कित्तूरला मारला गेला हे सगळ्यांनीच लिहिलेलं, पण त्यातनं काय सिद्ध होतं हे कुणीच लिहिलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, घटना लिहिली की पुढचं वाक्य 'म्हणजेच' नं सुरू करून बघा, जमलं तर घटना ठेवा, नाहीतर काढा. 'राणी 1829 ला बैलहोंगलच्या कैदेत वारल्या, तरी त्यांच्या सैन्यातल्या संगोळ्ळी रायण्णानं माणसं जमवून कंपनीच्या कचेऱ्या जाळल्या, म्हणजेच लढा एका राजवाड्यापुरता उरला नव्हता.' हे वाक्य एका पोरीनं स्वतः लिहिलं सर, आणि तिनं ते मोठ्यानं वाचलं तेव्हा वर्गातली सगळी गप्प होऊन ऐकत होती.

आणि तारखांचं तुम्ही जे सांगितलं ते तर मी प्रत्येक बॅचला सांगणार. रायण्णाचा जन्म 15 ऑगस्टचा सांगतात, फाशी झाली 26 जानेवारी 1831 ला, ती पण आपल्याच नंदगडात. पोरांना वाटलं हाच सगळ्यात मोठा पुरावा! तुम्ही शांतपणे विचारलंत की 1831 मध्ये 26 जानेवारीला काय महत्त्व होतं? काहीच नव्हतं. योगायोग वाचून अंगावर काटा येतो पण त्यानं मुद्दा सिद्ध होत नाही. समाधीवरच्या वडाचं पण तसंच, त्या झाडावरनं 1831 ला काय घडलं ते कळत नाही, पण लोकांनी रायण्णाला पुढं कसं जपलं ते कळतं, म्हणून झाड निबंधात घ्यायचं पण आठवणीच्या पॅरात घ्यायचं. गावातल्या पोरांना, ज्यांनी तो वड लहानपणापासून बघितलाय, हा फरक इतका पटकन कळला की मला खरंच भरून आलं.

सगळ्यात अवघड भाग विरोधी मुद्द्याचा. आपली पोरं विरोधी मुद्दा लिहायचाच नाही म्हणतात, मार्क जातील म्हणून भितात. तुम्ही उलट सांगितलंत, समोरच्याचा सगळ्यात जड मुद्दा उचला, हलका उचलून त्याला पाडण्यात काय अर्थ नाही. आणि जड मुद्दा खरंच जड आहे. वाद दत्तक मुलाच्या हक्कावरनं पेटला, रायण्णा पण त्याच शिवलिंगप्पाला गादीवर बसवायला लढत होता, आणि अख्ख्या देशाचं स्वातंत्र्य ही कल्पना तेव्हा आजच्यासारखी नव्हतीच. हे आधी मान्य करायचं आणि मग उत्तर द्यायचं, की वारस कोण हे बाहेरची कंपनी ठरवणार का हाच तर मूळ प्रश्न होता. पोरांना वाटायचं दत्तक नामंजूर करायचं गव्हर्नर जनरल डलहौसीनं सुरू केलं, पण सातारा खालसा झालं 1848 ला, कित्तूर त्याच्या 24 वर्षं आधी. ही एक तुलना आली आणि निबंधाला वजन आलं, कारण कित्तूरचा प्रश्न एकट्या कित्तूरचा राहिला नाही.

शेवटच्या पॅरात जय हिंद नको, पहिल्या ओळीत जे म्हटलं ते पुरावे बघून आता कितपत टिकतंय तेवढं लिहा म्हणालात. दोघा-तिघांनी तर 'पूर्ण स्वातंत्र्यलढा नाही, पण त्याची सुरुवात म्हणता येईल' असं लिहिलं आणि तुम्ही त्यांनाही शाबास म्हणालात. पाठ करून आलेल्या पोरांना स्वतःचं मत लिहायला मिळालं सर, हे कुठल्या गाईडमध्ये नाही मिळत.

आता पोरांनी स्वतःच पुढचा विषय काढलाय, 1924 चं बेळगावचं काँग्रेस अधिवेशन, गांधीजी अध्यक्ष असलेलं एकमेव, त्याचा आपल्या भागावर खरंच परिणाम झाला का. दोन गट पडलेत आणि रोज भांडायलेत. तुम्हाला जमेल तेव्हा एका रविवारी या की, वह्या तयार आहेत. काकूंना नमस्कार सांगा.

तुमची,
खानापूरची ट्यूशनवाली ताई, आणि सगळी पोरं