अण्णा, तुम्ही सत्काराला आला नाहीत म्हणून

आदरणीय अण्णा,
सप्रेम नमस्कार.

शाळेचं खो-खोचं मैदान उभं केलंत म्हणून पंधरा ऑगस्टला तुमचा सत्कार ठरवला होता; आम्ही शाल, नारळ, हार सगळं आणून ठेवलं होतं. तुम्ही आलाच नाहीत. बोलवायला आलेल्या सातवीतल्या दोघींना म्हणालात, "नारळ फोडून पोरींना वाटा, शाल शिपाईमामांना द्या." तसं केलं. पण माझं बोलायचं राहून गेलं. समोर बोलायला लागले की तुम्ही मातीचा नाहीतर पाण्याचा विषय काढता, म्हणून आता चारचौघांसमोर लिहिते आहे. तुमचा नातू मोबाइलवर वाचून दाखवेल. मध्येच उठून जाऊ नका.

आपली ओळख भांडणातून झाली. 2023चा जून होता. मी मराठीची शिक्षिका. शाळेला क्रीडाशिक्षक नाही, म्हणून खेळाचा तास माझ्या गळ्यात पडलेला. मुलींना शहाबादी फरशीच्या पटांगणात पळवत होते आणि तुम्ही भिंतीपलीकडून ओरडलात, "बाई, फरशीवर पळवू नका! गुडघे गेले तर तुम्ही देणार का?" मला राग आला. मी म्हटलं, मग जागा दाखवा. अर्ध्या तासात तुम्ही फाटकातून आत! मोडकी बाकं आणि वेड्या बाभळी यांनी भरलेला शाळेचा मागचा तुकडा तुम्ही पावलांनी मोजलात आणि म्हणालात, "खो-खो बसतो."

मला खरं तर कोणी देणगीदार हवा होता. सरकारी शाळांना समग्र शिक्षा योजनेतून क्रीडासाहित्यासाठी वर्षाला प्राथमिकला 5,000 आणि उच्च प्राथमिकला 10,000 रुपयांपर्यंत मिळतात. त्यात चेंडू येतात, उड्या मारायच्या दोऱ्या येतात. मैदान येत नाही. त्याआधी एका भल्या माणसानं क्रिकेटचं किट दिलं होतं, फोटो काढून. पॅड आमच्या मुलींच्या मांडीपर्यंत यायचे आणि शिकवायला कोणी नव्हतं. ते किट अजून कपाटात आहे, परवाच पाहिलं, उंदरांनी एक ग्लोव्ह खाल्लाय. तुम्हाला हे सांगितलं तर म्हणालात, "कुणाकडे काही मागू नका. दोन खांब आणि माती, एवढंच लागतं."

एवढंच! ती माती काय प्रकरण आहे ते मला नंतर कळलं. आपली सोलापूरची काळी माती पावसात तळव्याला शेरभर चिकटते आणि उन्हाळ्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. तुम्ही ती दीड फूट उकरायला लावलीत. मग मुरूम. मग रूळ. तो क्रिकेट खेळणाऱ्या पोरांकडून तुम्ही कसा मिळवलात, हे मी विचारलं नाही. त्यावर चाळलेली लाल माती, आणि पाणी एका बाजूला वाहून जाईल इतका उतार. पालकांनी तीन रविवार श्रमदान केलं. यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेले वडील सकाळी टोपल्या उचलत होते. लाल माती चाळताना प्रत्येक खडा तुम्ही हातानं वेचून बाजूला टाकत होतात, तेव्हा मला वाटलं होतं, हा माणूस जरा अतीच करतोय. अनवाणी पोरींनी पहिली धाव घेतली तेव्हा समजलं.

27 मीटर लांब, 16 मीटर रुंद. दोन्ही टोकांना गुळगुळीत तासलेले लाकडी खांब, जमिनीवर सव्वा मीटरच्या आत. खांबांमधल्या पट्ट्यावर, म्हणजे मधल्या पाटीवर, बसायचे आठ चौकोन. चुन्याची पहिली आखणी तुम्ही सुतळी ताणून केलीत आणि एक रेघ वाकडी गेली म्हणून सगळी पुसून पुन्हा केलीत. टॉवेलच्या कारखान्यात तीस वर्षं जॉबर होतात ना, माग नीट चालतात की नाही ते बघणारे. सूत वाकडं गेलेलं तुम्हाला चालत नसणार.

पाण्याचं तर विचारूच नका. आपल्याकडे नळ रोज येत नाही, हे सोलापूरकरांना सांगायला नको. मैदान शिंपायला पाणी आणणार कुठून? युक्ती तुमचीच. शाळा सुटताना प्रत्येक मुलानं आपल्या बाटलीतलं उरलेलं पाणी मैदानावर ओतून जायचं. पहिलीतली पोरं तर मुद्दाम कमी पाणी पिऊन उरवायला लागली, त्यांना दटावावं लागलं.

आता खरं सांगायचं ते. पहिला महिना तुम्ही पोरींना पळूच दिलं नाहीत. बसवलंत. मला वाटलं, हा कसला प्रशिक्षक! रोज सकाळी पावणेसहाला "कूर्चो", की सगळ्या चौकोनात उकिडव्या. एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं. "ले", की उठायचं. इतक्या वर्षांत मला आलेले तेलुगू शब्द हे दोनच. तुमचं म्हणणं होतं, नऊ जणींत पळते एक आणि बसतात आठ; हरतात त्या बसणाऱ्यांमुळे. टाच कुठं, हात कुठं, वजन कुठल्या पायावर, पाठीवर थाप आणि "खो" एकदम आल्याशिवाय ढुंगण उचलायचं नाही. (शब्द तुमचा आहे, मी बाई असून लिहितेय.) एकदा एका बाजूला वळलं की मागं फिरता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही, म्हणून उठताना पहिलं पाऊल चुकलं तर समोरची हातची जाते. व्याकरण शिकवताना मी इतकी चिवट कधी नव्हते.

आणि उशिरा येणाऱ्या मुली. आमच्या निम्म्या मुलींच्या घरी आई विड्या वळते. हजार विड्यांचा हिशेब पुरा करायला पोरीलाही पहाटे हात लावावा लागतो. मी उशिराबद्दल रागवायचे. तुम्ही एकदाही रागावला नाहीत. ती आली की शेवटचा चौकोन तिच्यासाठी रिकामा असायचा. मग तुम्ही सराव संध्याकाळी नेलात आणि आयांना निरोप धाडलात, सूप घेऊन इथंच या, सावली आहे. त्या खरंच येऊ लागल्या. मांडीवर सूप, बोटं तेंदूच्या पानावर, आणि नजर मैदानावर. "खो दे की गं!" असं सगळ्यात मोठ्यानं ओरडणारी बाई पहिल्या आठवड्यात मुलीला चड्डी घालून खेळू देणार नाही म्हणून माझ्याशी भांडून गेली होती.

जानेवारी 2025मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस होते. पोरींनी अंतिम सामना एका मोबाइलभोवती कोंडाळं करून पाहिला. प्रियांका इंगळेच्या भारतीय महिला संघानं नेपाळला 78-40 हरवलं, आणि लगेच पुरुषांनीही जिंकला, त्यांचा कर्णधार प्रतीक वाईकर. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, दोन्ही सामने मॅटवर. दुसऱ्या दिवशी मुलींनी तुम्हाला विचारलं, आपल्याला मॅट कधी? तुम्ही म्हणालात, "आधी पोलवर वळताना पडायचं बंद करा."

पहिल्या वर्षी चौदा वर्षांखालच्या शालेय स्पर्धेत आपण पहिल्याच सामन्यात डावानं हरलो. रिक्षात सगळ्या रडत होत्या. तुम्ही पार्क चौकात रिक्षा थांबवून भजी घेतलीत आणि कोण कितव्या मिनिटाला लवकर उठली ते एकेकीला सांगितलंत, भजी खात. दुसऱ्या वर्षी दोन सामने जिंकलो. तिसऱ्यात हरलो, पण गुणावर, शेवटच्या डावात. यात बढाई मारण्यासारखं काही नाही, हे तुमचंच वाक्य.

एक गोष्ट मात्र मी तुम्हाला न विचारता इथं सांगणार आहे. खर्चाची वही तुम्ही माझ्याकडे दिली होतीत. मुरूम किती ब्रास, रिक्षाभाडं, चुना, सगळं तारीखवार. बेरीज जुळत नव्हती. जमा कमी, खर्च जास्त. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहून खोडलेली एक ओळ सापडली. खोडलेलं वाचायची सवय आम्हा मास्तरणींना असते, अण्णा. "डोळ्याच्या ऑपरेशनचे, नंतर बघू." मी ते पान तुमच्या सूनबाईंना दाखवलं. तिला माहीतच नव्हतं. ती माझ्यासमोर रडली, मग तुमच्यावर चिडली, आणि पुढच्या आठवड्यात तुम्हाला दवाखान्यात घेऊन गेली. चहाडी कोणी केली म्हणून तुम्ही महिनाभर विचारत होतात. मी केली.

मनापासून आभार. याहून मोठा शब्द मराठीच्या बाईलाही सुचत नाही.

आपली,
बाई

ता. क. फाटकाकडचा पोल बुडाशी हलतोय, वाळवी असावी. पोरींना त्या बाजूला सूर मारू देत नाही. सोमवारी येताना सुताराला घेऊन या, आणि या वेळी बिल शाळेच्या नावानं घ्या.