बोट लागण्याची गोळी आधी घ्या

संपादक महोदय,

हिवाळा आला की आपल्याकडच्या शाळांच्या सहली कोकण-मुंबईकडे निघतात. गेटवेहून घारापुरीची वाट लाँचने साधारण तासाभराची; अर्ध्या वाटेत पोरं ओकायला लागली की गुरुजी गोळी शोधतात. तेव्हा उपयोग नाही. मळमळ सुरू झाली की पोटातलं पुढे सरकणं मंदावतं, गोळी तिथंच पडून राहते नाहीतर उलटीतून बाहेर येते. प्रोमेथाझिन किंवा मेक्लिझिन ही बोट लागू नये म्हणून घ्यायची गोळी बोटीत बसण्याच्या तासभर आधी पोटात हवी. लहानांचा डोस डॉक्टरच ठरवतील. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रोमेथाझिन अजिबात नको. झोप येते, म्हणून ड्रायव्हरने घेऊ नये.

मेडिकलवर नुसतं ‘उलटीची गोळी’ मागितलं तर बहुधा ऑन्डान्सेट्रॉन हातात पडते. पोट बिघडल्यावर ती चांगली, पण बोट लागते ती कान आणि डोळे हालचालीबद्दल मेंदूला वेगवेगळं सांगतात म्हणून. तिथं ती फारशी चालत नाही.

जागा बोटीच्या मधोमध, इंजिनाच्या धुरापासून दूर. नजर क्षितिजावर, मोबाईल खिशात. सकाळी तर्री-पोहे टाळा, पण उपाशीही नेऊ नका. कोरडी पोळी किंवा मुरमुरे पुरे. आल्याचा तुकडा चघळायला हरकत नाही, भरवसा मात्र गोळीवरच ठेवा.

– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ