विषय : छतावरून उडी मारणाऱ्या मुलाची जाहिरात बंद करण्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,

कोणती जाहिरात ते तुम्हाला सांगायची गरज नाही. तुमच्या दहा रुपयांच्या बाटलीतलं सरबत पिऊन पोरगा स्लॅबवरून कुटाराच्या (मळणीनंतर उरलेल्या भुशाच्या) ढिगात उडी घेतो आणि हसत उठतो, तीच. कार्टून सुरू झालं की दर ब्रेकला लागते.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात प्रत्येक गोठ्याजवळ असा ढीग असतो. सोयाबीनचं कुटार बसत बसत हातभर उरतं आणि खाली काय ठेवलंय ते वरून दिसत नाही. आमच्या ढिगाखाली वखर होता. चौथीतला माझा मुलगा गळ्याला आजोबांचा दुपट्टा बांधून, हातात तुमची बाटली घेऊन घरकुलाच्या स्लॅबवरून उडाला. कोपर मोडलं. वखराची पास, म्हणजे लोखंडी पातं, कपाळाला लागली, डोळा थोडक्यात वाचला. आम्ही कापूस वेचायला गेलो होतो, घरी सासूबाई होत्या.

तुमच्या ग्राहक सेवेला अनेकदा फोन केला. शेवटच्या वेळी जे ऐकलं ते अजून डोक्यातून जात नाही. मी सगळं सांगितल्यावर तिकडच्या बाईंनी विचारलं, "मॅडम, बॅच नंबर सांगा." मी म्हटलं, सरबताची तक्रार नाही, जाहिरातीची आहे. "बाटली फुटली होती का? सील तुटलं होतं का?" नाही म्हटलं. मग त्या म्हणाल्या, "मग प्रॉडक्टमध्ये दोष नाही. मुलांवर लक्ष ठेवणं पालकांचं काम आहे. जाहिरातीत सूचना दिलेली आहे." वरून सांगितलं की झालेल्या गैरसोयीबद्दल दोन बाटल्यांचं कूपन पाठवतो. पोराचा हात प्लास्टरमध्ये आणि तुम्ही त्याला तेच सरबत पाजणार?

ती सूचना मी मुद्दाम टीव्हीजवळ बसून पाहिली. इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात, वाचायच्या आत गायब. गाणं मराठीत, उडी मारायची हाक मराठीत, आणि जीव वाचवणारी ओळ तेवढी इंग्रजीत! माझ्या सासूबाईंनी ती कशी वाचावी?

मी अंगणवाडी सेविका आहे. तीन वर्षांचं मूल ऐकून कमी आणि बघून जास्त शिकतं, हे मला कोणी शिकवायला नको. आमच्याकडची चिमुकली ते गाणं म्हणत ओट्यावरून उड्या मारतात. तुम्हालाही हे ठाऊक आहे, म्हणून तर जाहिरातीत मोठा माणूस नाही, पोरगा घेतला.

सगळ्या जाहिराती बंद करा असं माझं म्हणणं नाही. लहान मुलांना जिवावरचा खेळ दाखवणारी मात्र बंदच व्हायला पाहिजे, खाली ओळ टाकून ती चालवता येणार नाही. हे माझ्या मनातलं नाही. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांत मुलांची सुरक्षितता धोक्यात आणणाऱ्या जाहिरातीला मनाई आहे. २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनाही सांगतात की मुलांसाठीच्या जाहिरातीनं त्यांना धोकादायक वागायला उत्तेजन देऊ नये. तुमच्या कायदा विभागाला हे माहीत नसेल असं मी मानत नाही. स्वीडनमध्ये तर १२ वर्षांखालच्या मुलांना उद्देशून टीव्हीवर जाहिरातच करता येत नाही.

जाहिरात टीव्हीवरून आणि मोबाईलवरूनही काढा. नाही काढली तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे तक्रार करणार आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्यांदा १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करायचा अधिकार त्यांना आहे. आमच्या बचत गटाच्या बायांनी गावातल्या दुकानदारांना तुमचा माल ठेवू नका असं सांगितलंच आहे, पुढच्या बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या गावांतही सांगू.

पोळ्याला, लग्नाला, पाहुण्यांना आम्ही तुमचंच सरबत आणत होतो. आता घरात येणार नाही.

कूपन पाठवू नका. उत्तर लेखी पाठवा आणि मराठीत पाठवा.

एक आई