तपकिरी ठिपक्यांची आधी शहानिशा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पेशी स्वतःचेच जीर्ण घटक पचवून टाकतात, त्या ऑटोफॅजीच्या प्रक्रियेवर आपल्या आरोग्य पुरवणीत आलेल्या लेखात योशिनोरी ओसुमी यांच्या २०१६ च्या नोबेल पारितोषिकाचा उल्लेख उचितच होता. मात्र ओसुमी यांचे मूळ संशोधन यीस्टवर झाले होते. माणसाच्या ऊतींत ही प्रक्रिया ‘दिसली’ असे सांगितले जाते, तेव्हा बहुधा एखाद्या अँटिबॉडीवर, म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटणाऱ्या रेणूवर, भिस्त असते, आणि त्याबद्दल लेखात अवाक्षरही नव्हते.

या कामी एलसी३बी या प्रथिनाची अँटिबॉडी सर्रास वापरली जाते. हे प्रथिन एरवी पेशीद्रवात विखुरलेले असते. ऑटोफॅजी सुरू झाली की त्याला मेदाचा एक रेणू जोडला जातो आणि ते टाकाऊ घटकांभोवती तयार होणाऱ्या पिशवीच्या पटलावर जाऊन बसते. म्हणूनच फॉर्मॅलिनमध्ये ठेवून मेणात बसवलेल्या ऊतीच्या तीन-चार मायक्रॉन जाडीच्या छेदावर पसरट रंग नव्हे, तर सुटे ठिपके शोधायचे असतात. पण उतारवयातील यकृतात लायपोफ्युसिन हे रंगद्रव्य मुळातच पिवळसर तपकिरी असते आणि अँटिबॉडी चिकटल्याची जागा दाखवणाऱ्या डीएबी या रसायनाने उमटणारा रंगही तपकिरीच. अँटिबॉडी न लावलेला शेजारचा छेद पाहिल्याशिवाय मुरलेल्या पॅथॉलॉजिस्टनेही छातीठोक निदान करू नये.

ठिपके खरे निघाले तरी पिशव्या जास्त बनत आहेत की बनलेल्या पचतच नाहीत, हे त्यावरून कळत नाही. जिवंत पेशींत क्लोरोक्विन या औषधाने पचन रोखून हा उलगडा करता येतो. रुग्णाच्या मेणात बसवलेल्या तुकड्यात ती सोय नाही. निदान पी६२ हे प्रथिन तरी जोडीने तपासावे, कारण ते ऑटोफॅजीत नष्ट होते आणि पचन अडले की साचते.

त्याहून मूलभूत प्रश्न अँटिबॉडीच्या पारखीचा आहे. ज्या पेशींतून संबंधित जनुकच काढून टाकले आहे, तिथे तिने रंग देता कामा नये. सशापासून मिळवलेल्या पॉलिक्लोनल (अनेक अँटिबॉडींचे मिश्रण असलेल्या) अँटिबॉडीचा लॉट, म्हणजे उत्पादनाची खेप, बदलला की तिचे वर्तनही बदलू शकते. असे असताना प्रबंधांत केवळ कंपनीचे नाव देऊन भागवले जाते, हे मला गंभीर वाटते. क्लोन (अँटिबॉडी कोणत्या पेशीवंशातून आली), लॉट क्रमांक, विरलन (ती किती पातळ केली) आणि तुलनेसाठीच्या नियंत्रण छेदांची छायाचित्रे यांविना असा प्रबंध वैद्यकीय महाविद्यालयांनी स्वीकारू नये. आणि माणसाच्या ऊतींविषयी असा दावा छापण्यापूर्वी आपल्या पुरवणीनेही संशोधकांकडे ती छायाचित्रे मागावीत, ही विनंती.

– एक निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, पुणे