टिकलीएवढा क्यूआर कोड

महोदय,
गेल्या रविवारी पेपरच्या पहिल्या पानावर बातम्याच नव्हत्या, घोडबंदर रोडवरच्या एका गृहप्रकल्पाची पानभर जाहिरात होती. रिक्षात एफएमवर तीच, माजिवडा ते मानपाडा होर्डिंगवर तीच, मोबाइल उघडला तरी तीच. ‘सगळीकडे येतंय, म्हणजे खात्रीचंच असणार,’ म्हणत वहिनी बुकिंगची रक्कम घेऊन निघाली! पैसे ओतले की कोणीही सगळीकडे दिसू शकतो, हे तिला पटवताना माझी दमछाक झाली.

महारेराने, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला आहे. आम्ही पेपरातला कोड स्कॅन करून महारेराकडे नोंदवलेली प्रकल्पाची माहिती पाहिली, तर ताब्याची तारीख वहिनीला फोनवर सांगितलेल्या तारखेपेक्षा दीड वर्ष पुढची निघाली. तिने बुकिंग थांबवले. पण होर्डिंगवरचा तो टिकलीएवढा चौकोन धावत्या बसमधून कोण स्कॅन करणार? रेडिओवर तर प्रकल्पाचा महारेरा नोंदणी क्रमांक एका दमात उरकतात. आयुष्याची पुंजी लावणाऱ्यांची ही थट्टा आहे. कोडचा आकार जाहिरातीच्या प्रमाणात ठरवून द्यावा आणि नोंदणी क्रमांक रेडिओवर सावकाश, दोनदा वाचावा, ही महारेराला कळकळीची विनंती.

– एक वाचक, ठाणे (प.)