स्वस्तातला फोन घेण्याआधी

पिट्सबर्ग,
7 फेब्रुवारी 2016

प्रिय बंड्या,

तुझी मेल परवा आली आणि घरात नुसता दंगा झाला. व्हिसा झाला, एप्रिलमध्ये निघायचं ठरलं, आणि तेही कोलंबसला! इथून गाडीनं तीन तासांचा रस्ता. हिनं तर लगेच वहिनींसाठी थंडीच्या कपड्यांची यादी करायला घेतली आहे. ती वेगळी पाठवेल.

तू मेलच्या शेवटी सहज म्हणून विचारलंस, "ते वायफायवर चालणारे महिना दहा डॉलरचे फोन म्हणतात, ते कसे आहेत रे? आल्या आल्या तोच घेऊन टाकू का?" त्याचं उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. पण भावा, या एका गोष्टीनं गेलं वर्षभर मला इतका मनस्ताप दिलाय की तुला सगळं नीट सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. पत्र लांबेल. निवांत वाच.

आधी ही भानगड काय आहे ते सांगतो. इथं मोठ्या मोबाइल कंपन्या चार: व्हेरायझन, एटी अँड टी, टी-मोबाइल आणि स्प्रिंट. टॉवर यांचे. एका माणसाचं साधं, थोडा डेटा असलेलं कनेक्शन म्हटलं तरी महिन्याला 50 डॉलरच्या घरात जातं, नवरा-बायको दोघांचं धर. मी इथं आलो तेव्हा पोस्टडॉकचा, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधकाचा, पगार, भाडं, पोरीची डे-केअर, सगळं मांडलं की फोनला 100 डॉलर काढताना जीव वरखाली व्हायचा. अशा वेळी या छोट्या कंपन्या येतात. त्यांचा स्वतःचा एकही टॉवर नसतो. चौघांपैकी कुणाकडून तरी घाऊक भावानं मिनिटं विकत घेतात. आणि ती मिनिटं कमीत कमी खर्च व्हावीत म्हणून तुझा फोन शक्य तिथं वायफायवरून बोलतो. वायफाय मिळालं नाही तरच टॉवरवर जातो. तू घरी आणि ऑफिसात मिळून दिवसाचा बहुतेक वेळ वायफायमध्येच असतोस, म्हणून कंपनीला तू स्वस्त पडतोस, आणि तुलाही बिल कमी येतं.

कल्पना चांगली आहे, मी अजूनही तसंच म्हणेन. इथल्या ओकलंड भागात आमची लॅब तळघरात आहे. तिथं कुठल्याच कंपनीचा टॉवर पोचत नाही, सगळे जिन्यात येऊन बोलायचे. माझा फोन मात्र टेबलावर बसल्या जागी स्वच्छ लागायचा. मागच्याच्या मागच्या डिसेंबरात कोल्हापूरला आलो होतो, तेव्हा आपल्या घरच्या ब्रॉडबँडवरून इथल्या बँकेला, घरमालकाला याच नंबरावरून फोन केले, एक पैसा न देता. अण्णा चकित होऊन बघत होते. म्हणून मी हिलाही तोच फोन घेऊन दिला आणि ओळखीच्या दोन पोरांनाही सांगितलं.

त्रास कसा सुरू होतो बघ. बोलण्याला इंटरनेट फार लागत नाही, एका कॉलला सेकंदाला 100 किलोबिटच्या आसपास. पण ते अखंड लागतं, आणि दोन्ही बाजूंनी लागतं. घरात कुणी फोटो अपलोड करायला लावले, की वर जाणारी वाट तुंबते. मग मला समोरच्याचं सगळं ऐकू येतं, त्याला माझं तुटक तुटक. समोरचा "हॅलो, हॅलो" करतो आणि ठेवून देतो. आपण घरातून बोलत बोलत बाहेर पडलो, की फाटकापाशी वायफाय क्षीण होतं, पण फोन ते सोडत नाही, शेवटच्या धाग्याला धरून बसतो. टॉवरवर उडी मारेपर्यंत कॉल गेलेला असतो. मी रोज सकाळी फोर्ब्स ॲव्हेन्यूवर बस पकडायला निघताना आईशी बोलायचो. ते बोलणं गल्लीच्या तोंडाशी तुटायचंच. आई बिचारी म्हणायची, "तू घाईत असतोस, नंतर कर." मी घाईत नसायचो रे.

हे सगळं मी सोसलं असतं. दहा डॉलरमध्ये पन्नास डॉलरची सेवा मागणारा माणूस मी नाही, तू ओळखतोस मला.

ऑक्टोबरात एक दिवस गाडीचे टायर बदलायला गेलो होतो. दुकानातल्या बाकावर बसलो. तिथलं ग्राहकांसाठीचं वायफाय फोननं आपोआप पकडलं, कारण पूर्वी कधीतरी ते वापरलेलं होतं. पण अशा ठिकाणी दर वेळी एक पान उघडून 'मान्य आहे' दाबावं लागतं, त्याशिवाय इंटरनेट चालू होत नाही. फोनच्या लेखी वायफाय जोडलेलं, प्रत्यक्षात रस्ता बंद. कंपनीला वाटतं गडी वायफायवर आहे, ती कॉल तिकडं पाठवते, कॉल कुठंच पोचत नाही, आणि थोड्या वेळानं व्हॉइसमेलमध्ये जाऊन पडतो. माझा फोन हातात होता. एकदाही वाजला नाही.

त्या वेळात पोरीच्या शाळेतली नर्स मला फोन करत होती. पोरीला 103 ताप भरला होता. ही तेव्हा क्लासमध्ये, फोन बंद. शेवटी नर्सनं यादीतल्या तिसऱ्या माणसाला, आमच्या शेजारच्या आजींना बोलावलं. त्या आखडलेल्या गुडघ्यांच्या बाई, काठी टेकत शाळेत गेल्या आणि पोरीला घेऊन आल्या. मला व्हॉइसमेलचा निरोप दिसला तो मी दुकानातून निघून रस्त्याला लागल्यावर. पोर पलंगावर पडून विचारत होती, "बाबा, तू का नाही आलास?" तिला मी काय सांगणार? अजून ते आठवलं की पोटात तुटतं.

बंड्या, फोन कशासाठी असतो? अडीअडचणीला आपल्या माणसाचा आवाज आपल्यापर्यंत पोचावा म्हणूनच ना? बाकी गप्पा तर व्हॉट्सॲपवरही होतात.

त्या रात्री मी कंपनीला कळवायचं ठरवलं. आणि तेव्हा मला पहिल्यांदा नीट उमगलं की या फोन कंपनीला फोनच करता येत नाही. नंबरच नाही. दुकान नाही, काउंटर नाही, माणूस नाही. संकेतस्थळावर एक फॉर्म भरायचा, तक्रारीला क्रमांक मिळतो, मग वाट बघायची. उत्तर आलं ते छापील: फोन बंद करून चालू करा, राउटर बंद करून चालू करा. ते केल्याचं मी आधीच लिहिलेलं होतं. परत लिहिलं. दुसऱ्याच कुणाचं तरी उत्तर आलं, पुन्हा पहिल्यापासून. मग म्हणाले तुमचा राउटर जुना आहे. नवा आणला. मग म्हणाले राउटरचा वायफाय चॅनेल बदला, 1, 6 किंवा 11 वर ठेवा. ठेवला. मी इंजिनीअर माणूस, रात्री जागून मोजमापं काढली, कुठल्या वेळी किती पॅकेट (आवाजाचे नेटवरून जाणारे तुकडे) हरवतात, किती उशीर होतो, तक्ते करून पाठवले. टायरच्या दुकानातल्या प्रकाराचं कारणही मीच शोधून लिहून दिलं आणि विचारलं, की इंटरनेट खरोखर चालू आहे का हे तपासून मगच फोननं वायफायवर विसंबावं, एवढं करता येणार नाही का? त्यावर आभार मानणारी एक ओळ आली आणि तक्रार 'निकाली' काढली.

राग इथं आहे बघ. त्यांचं जाळं म्हणजे माझं ब्रॉडबँड, ज्याचे पैसे मीच भरतो. त्यांचा टॉवर म्हणजे माझा राउटर. त्यांचा तंत्रज्ञ मी, रात्रीच्या जागरणासकट. हा सगळा खर्च त्यांनी माझ्या अंगावर टाकला म्हणून बिल दहा डॉलर दिसतं. टाकायलाही हरकत नाही, पण तसं आधी सांगा ना माणसाला! आणि बिघडलं तर निदान ऐकायला तरी कुणी ठेवा. तुमच्याकडं ट्रायनं, म्हणजे भारताच्या दूरसंचार नियामकानं, 1 जानेवारीपासून कॉल तुटला तर ग्राहकाला 1 रुपया द्यायचा, दिवसाला तीनपर्यंत, असा नियम केलाय, आणि कंपन्या त्याविरुद्ध कोर्टात गेल्यात ना? त्या रुपयानं कुणी श्रीमंत होणार नाही. पण कॉल तुटणं ही कंपनीची जबाबदारी आहे एवढं तरी त्यात कुणीतरी म्हटलंय. इथं माझा तुटलेला कॉल कुणाच्या खात्यातच धरत नाहीत, कारण तो 'तुमच्या वायफायवर' तुटला.

आणखी एक गोष्ट, ती तुला नक्की नडेल म्हणून सांगतो. अशा काही कंपन्यांचे नंबर मोबाइलचे म्हणून धरलेच जात नाहीत, इंटरनेट फोनचे म्हणून नोंदलेले असतात. त्यामुळं बँका जे पाच-सहा आकडी क्रमांकावरून सांकेतिक अंक पाठवतात, ते येत नाहीत. माझ्या इथल्या बँकेचे यायचे नाहीत, आणि तिकडच्या एनआरई खात्याचा (परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं बँक खातं) ओटीपी कधी यायचा, कधी नाही. अण्णांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पैसे पाठवायचे होते तेव्हा ओटीपीची वाट बघत रात्री बसून राहिलो. शेवटी तुझ्या धाकट्या भावानं तिकडं भरले, आठवत असेल तुला. तेव्हा तुला कारण सांगितलं नव्हतं, ते हे.

911 चं, म्हणजे इथल्या पोलिस-अँब्युलन्सच्या तातडीच्या नंबराचंही लक्षात ठेव. टॉवरवरून लावला तर तू कुठं आहेस याचा अंदाज त्यांना येतो. वायफायवरून लावलास तर तू कंपनीकडं नोंदवलेल्या पत्त्यावरच त्यांना भरवसा ठेवावा लागतो. कोलंबसला आधी कंपनीच्या गेस्ट हाउसमध्ये राहशील, मग अपार्टमेंट घेशील. दर वेळी तो पत्ता बदलून घ्यायचा. हे मोठ्या कंपन्यांच्या वायफाय कॉलिंगलाही लागू आहे.

हो, मोठ्यांकडंही वायफायवरून बोलायची सोय आहे. टी-मोबाइलनं 2007 मध्येच सुरू केली होती, एटी अँड टीनं गेल्या ऑक्टोबरात आणली. फरक इतकाच की तिथं टॉवर पाया आहे आणि वायफाय जोड. स्वस्तवाल्यांकडं उलटं. न्यूयॉर्ककडं केबलव्हिजननं गेल्या वर्षी फ्रीव्हील नावाचा फोन काढला, त्याला तर टॉवर नाहीच, नुसतं वायफाय. गूगलचा प्रोजेक्ट फाय गेल्या एप्रिलपासून आहे: 20 डॉलर मूळ, डेटा जीबीला 10 डॉलर, न वापरलेल्या डेटाचे पैसे परत. दोन कंपन्यांचे टॉवर वापरतो. पण नेक्सस फोनच लागतो आणि अजून आमंत्रण मागावं लागतं. लॅबमधली एक मुलगी वापरते, ती समाधानी आहे. मी स्वतः वापरलेला नाही, म्हणून जास्त बोलत नाही.

शेवटी जानेवारीत मी नंबर घेऊन त्या कंपनीतून बाहेर पडलो. तिथंही अडवणूक. नंबर न्यायला खाते क्रमांक आणि पिन लागतो. तो द्यायलाच टाळाटाळ. पुन्हा फॉर्म, पुन्हा वाट. इथं साध्या पोर्टिंगला, म्हणजे नंबर दुसऱ्या कंपनीत न्यायला, कामाचा एक दिवस, असा नियम आहे. बाकी थकली असली तरी जुन्या कंपनीला नंबर अडवता येत नाही. मी सरळ एफसीसीकडं, म्हणजे इथल्या दळणवळण आयोगाकडं, ऑनलाइन तक्रार टाकली. फुकट असते. कंपनीला 30 दिवसांत लेखी उत्तर द्यावंच लागतं. आणि काय सांगू, त्या आठवड्यात मला कंपनीतून चक्क फोन आला! एका बाईचा, शांत, सभ्य आवाज. तिनं सगळं ऐकून घेतलं, पिन दिला, दुसऱ्या दिवशी नंबर सुटला. मला तिच्याबद्दल काही वाईट वाटलं नाही. वाईट एवढंच वाटलं की हाच आवाज ऑक्टोबरात पोरीच्या तापानंतर ऐकू आला असता, तर मी कदाचित आजही त्यांचा ग्राहक असतो. जाताना फोन मात्र वाया गेला. तो त्यांच्याकडूनच, त्यांचं सॉफ्टवेअर घातलेला, दीडशे डॉलरला घ्यावा लागतो, आणि दुसऱ्या कुणाच्या नेटवर्कवर चालत नाही.

तर तू असं कर. येताना तुझा तिकडचा फोन आण, पण त्याच्या भरवशावर राहू नकोस. व्हेरायझन आणि स्प्रिंट सीडीएमए या वेगळ्या तंत्राचे, तिथं तो चालणार नाही. एटी अँड टी किंवा टी-मोबाइलवर बोलणं होईल, 4जी मिळेलच असं नाही, कारण आपल्याकडच्या फोनमध्ये बहुतेक वेळा बँड, म्हणजे 4जीचे लहरींचे पट्टे, 3 आणि 40 असतात आणि इथं 2, 4, 12, 17 लागतात. खोक्यावर बघून मला कळव. पहिल्या महिन्यात एखादं प्रीपेड सिम घे, टॉवरवालं. अपार्टमेंटमध्ये, ऑफिसात, वहिनी जिथं जाणार तिथं रेंज येते का बघ, मग ठरवू. तिकडचा नंबर बंद करू नकोस, बँकेत तोच राहू दे, रोमिंगवर मेसेज येतील एवढी व्यवस्था करून ये. 1900 ला मेसेज टाकून तिकडचा नंबर दुसऱ्या कंपनीत हलवायचा विचार असेल तर तो निघायच्या बराच आधी कर, ऐन घाईत नको.

आणि पोराच्या शाळेचा फॉर्म भरताना तिसऱ्या माणसाच्या जागी निदान सुरुवातीला आमचा नंबर घाल. तीन तास लांब असलो तरी फोन उचलू, आणि तोवर तिथल्या कुणाला तरी हलवू. कोलंबसच्या मराठी मंडळातल्या एका कुटुंबाशी आमची ओळख आहे, त्यांना मी या रविवारी सांगून ठेवतो.

विमान कुठल्या तारखेचं आणि कुठं उतरतंय ते कळव. शनिवार-रविवार असेल तर मीच गाडी घेऊन येतो. काका-काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, पोराला गोड पापा. काकूंना म्हणावं, मेतकूट आणि थोडी कांदा-लसूण चटणी पाठवलीत तर फार बरं होईल. चटणी नीट सीलबंद करून दे.

तुझाच,
पप्या