फादर, त्या आवणाबद्दल

आदरणीय फादर,
सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाली तेव्हा निरोपाला एवढी गर्दी होती, की बोलायचं राहून गेलं. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. आमच्या खारेपाटात, खाडीकाठच्या या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, तुम्ही काय केलंत, ते बाहेरच्यांनाही कळू दे.

त्या वर्षी ज्येष्ठ अमावस्येच्या उधाणाला बंधाऱ्याला खांड (भगदाड) गेली आणि खाडीचं पाणी खाचरांत शिरलं. आम्ही भाताचा रहू टाकला होता, म्हणजे रोपं न लावता थेट पेरणी केली होती. मोड आलेलं भात फेकून आठवडाही झाला नव्हता, कोंब पिवळे पडून जागच्या जागी कुजले. घरात बी उरलं नव्हतं, आणि असतं तरी त्या खाऱ्या चिखलात रुजलं नसतं. भात कोवळं असताना खारं सोसत नाही.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला तुम्ही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आमच्या रांगेत उभे राहिलात. चिखलाची ढेपं हातोहात पुढे जात होती, बांबूच्या मेखांमागे पेंढा आणि माती दाबली जात होती. भरती चढायच्या आत खांड बुजली.

पण मला खरे आभार मानायचे आहेत ते आवणाचे, म्हणजे लावणीच्या भातरोपांचे. मिशनच्या विहिरीजवळची गोडी जमीन, जिथे सिस्टर भाजी लावायच्या, ती तुम्ही आम्हाला रोपांसाठी मोकळी करून दिलीत. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचं पनवेल-३ हे खाऱ्यात तग धरणारं वाण जीपमधून आणलंत. तिकडे रोपं वाढत होती तोवर इकडे आम्ही पावसाचं पाणी खाचरांत कोंडायचं आणि ओहोटीला उघाडीतून, म्हणजे बंधाऱ्याच्या दारातून, सोडायचं, असं करत मीठ धुऊन काढलं. लावणीला रोपं चांगली महिन्याची, निबर झाली होती. खाऱ्यात तशीच टिकतात. आमच्यात चर्चला जाणारी घरं मोजकी, आवण मात्र प्रत्येकाच्या खाचरात गेलं.

ऑक्टोबरात आगेऱ्याला, म्हणजे चर्चमधल्या नव्या पिकाच्या सणाला, लोंब्या अजून हिरव्याच होत्या, तरी तुम्ही त्या वेदीवर ठेवून आशीर्वाद दिलात. भात नेहमीइतकं पिकलं नाही. पण वर्षाचं खाणं भागलं आणि बियाण्यापुरतं राहिलं. तांदळाची पोती वाटली असतीत तर ती पावसाळ्यातच संपली असती, असं मला वाटतं.

ते बी आजही गावात या घरून त्या घरी जातं. यंदा बंधाऱ्याची डागडुजी वैशाखातच उरकली. भाकरीसाठी त्याच तांदळाचं पीठ दळून ठेवलं आहे, सिस्टरकडून पत्ता घेऊन पाठवते.

मनापासून आभार, फादर.

तुमची,
खारेपाटातली एक शेतकरीण